उसाच्या फडाला आग लागली तर पाणी मारायचं का आगीपुढचा ऊस काढून मोकळा पट्टा तोडायचा?

कारखान्याचा हंगाम भरात आला आणि ऊस पाचटानं, म्हणजे वाळक्या पानांनी, भरला, की कृष्णाकाठच्या पारावर हा वाद निघतोच. पलूसकडच्या एका पारावर यंदा तो निघाला तेव्हा तात्या ठाम होते.

“धूर दिसला की टँकर लावा. पाण्याबिगर आग विझत नाही.”

आप्पा वायरमन म्हणाले, “तात्या, दहा फूट उसात टँकर घालणार कुठनं? आधी विजेची लाईन बंद कराय सांगायची. पाणी मग.”

मास्तरांनी मात्र हिशेबच मांडला. एकरात साधारण साडेतीन टन पाचट असतं. वाळलं पाचट किलोला सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता देतं. एक लिटर पाणी तापून त्याची वाफ होईपर्यंत जेमतेम अडीच मेगाज्यूल शोषतं. म्हणजे एकराची सगळी उष्णता पाण्यानंच मारायची तर वीस हजार लिटर लागतील. “सगळी मारावी लागत नाही, हे खरं. पुढचं पाचट पेटण्याइतकं तापू दिलं नाही तरी पुरतं. पण पाच हजार लिटरचा एक टँकर आगीच्या तोंडावर रिकामा केला तर तो वाया गेला म्हणून समजा.”

“मग ऊस हिरवा असताना एवढा भडका कसा?” सुन्यानं विचारलं.

इथं मास्तर रमले. कांड्यात सत्तर टक्के पाणी, ते जळत नाही. म्हणून आग गेल्यावर काळी कांडी उभीच दिसतात. जळतं ते पाचट. खरं तर पाचटही आधी जळत नाही. तापल्यावर त्यातून वायू सुटतात, ते हवेत मिसळून पेटतात आणि त्या ज्वाळेची धग पुढच्या पाचटातून वायू काढते. पान कागदासारखं पातळ, चोहोबाजूंनी हवा, म्हणून ते क्षणात तापतं. तेच पाचट पहाटे दवानं ओलं असलं की आधी पाणी उडवण्यातच धग संपते. दुपारी बारा ते चार हाच वेळ सगळ्यात वाईट.

“म्हणूनच पट्टा तोडायचा,” आप्पा म्हणाले. “पुढचं जळण काढून घ्यायचं.”

पट्टा कुठं, किती आणि कसा, यावर मग खरी जुंपली. तात्यांच्या मते दोन सऱ्या तोडल्या की झालं. आप्पा म्हणाले, दोन सऱ्यांनी काही होत नाही मर्दा. वाऱ्यानं ज्वाळा पुढं झोपते आणि तीन मीटर उसाची ज्वाळा उसाच्या वर जाते. चार फुटी सरीच्या निदान सहा सऱ्या, म्हणजे 24 फूट. तेही फडाच्या मधोमध नव्हे. पाणंद किंवा पाट धरायचा आणि तोच रुंद करायचा, निम्मं काम आयतं होतं.

चूक होते ती दोन ठिकाणी. टोळी कोयत्यानं ऊस तोडते आणि खालचं पाचट तसंच राहतं. त्याच पाचटावरनं आग रांगत पलीकडं जाते. माती दिसेपर्यंत ओढून काढलं तरच तो पट्टा. दुसरं, तोडलेला ऊस आगीच्या बाजूला फेकतात. तिथं तो जळण वाढवतो. तो पलीकडं, लांब न्यायचा. आणि आगीच्या तोंडासमोर उसात उभं राहून तोडायचं नाही. आत शिरल्यावर आग दिसत नाही, नुसता आवाज येतो. बगलेनं यायचं, जळून गार झालेली बाजू जवळ ठेवायची.

“समोरनं आपणच आग लावली तर?” सुन्या.

यावर तात्या आणि आप्पा दोघंही एकदम “नको” म्हणाले. पट्ट्याच्या आगीकडच्या कडेला लावलेली आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते आणि मोठ्या आगीच्या वाटेतलं पाचट खाते, हे शास्त्र बरोबर आहे. पण पट्ट्यावर पाणी घेऊन माणसं नसतील, वारा फिरला, तर दोन आगी होतात. सराव नसलेल्यानं हे करूच नये.

सुन्याकडं द्राक्षबागेचा ब्लोअर, म्हणजे पंख्याचं फवारणी यंत्र, सहाशे लिटरची टाकी. तो आणायचा का? इथं तात्यांचं पाणी शेवटी उपयोगी आलं. आणायचा, पण पंखा न्यूट्रल करून, नुसती गन लावून. पंखा सुरू राहिला तर तो आगीला वारा घालतो आणि ठिणग्या पुढच्या फडात उडवतो. पाणी ज्वाळेवर नाही, पट्ट्यापलीकडच्या पाचटावर. उसाच्या पानावर मेणाचा थर असतो, साधं पाणी थेंब होऊन ओघळतं. म्हणून फवारणीत टाकतो ते स्टिकर थोडं घालायचं, मग पाणी पानावर पसरतं. पाठीवरचे 16 लिटरचे पंप घेतलेली चार माणसं उडालेल्या ठिणग्या मारत पट्ट्यावर फिरली, तर त्यांचं काम टँकरपेक्षा मोठं.

तार तुटून पडली असेल तर मात्र कुणीही पाणी मारायचं नाही. लाईन बंद झाल्याचं वायरमन स्वतः सांगेपर्यंत दहा मीटर लांब.

आप्पांचा जीव त्या तारांतच अडकलेला. उन्हानं आणि लोडनं तार तापून लांबते, झोळ पडतो, वारा आला की दोन तारा एकमेकींवर आपटतात. ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं. त्याचे तापलेले कण खाली पाचटावर पडतात. झोळ ओढून घेणं, एलटी म्हणजे कमी दाबाच्या लाईनला तारा वेगळ्या ठेवणारे स्पेसर घालणं, हे हंगामाआधीचं काम. डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, फ्यूजच्या जागी जाड तार घालणं म्हणजे आगीला बोलावणं, कारण शॉर्ट झाल्यावर ती तुटत नाही, ठिणग्या सुरूच राहतात. आणि डीपीखालचं पाचट शेतकऱ्यानं स्वतः काढायचं, वायरमनची वाट बघायची नाही.

“तेवढं मी काढतो,” तात्या म्हणाले. “पण आग विझल्यावर?”

विझली असं समजू नका, मास्तर म्हणाले. बांधावरचा पाचटाचा ढीग, शेणाचा उकिरडा आतनं धुमसत राहतो, त्याला थोडी हवाही पुरते. वरनं पाणी मारलं तर वरचाच थर भिजतो. खोऱ्यानं उलगडायचा, पाणी मारायचं, परत उलगडायचा. राखेजवळ हाताची पाठ धरून धग बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटायच्या आत परत एक फेरी. आणि जळका ऊस लगेच तोडून कारखान्याला घालायचा, साखर उतरायला लागते ती पहिल्या दिवसापासनंच.