चौदावं घर

एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, मी मार्कांसाठी गेलो, हे आधीच सांगून टाकतो, उगाच लहानपणापासून समाजसेवेची ओढ वगैरे काही नव्हती. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली असं सर सांगत होते तेव्हा मी मागच्या बाकावर हिशोब करत होतो की वर्षाला १२० तास भरायचे तर शिबिरातले झोपेचे तास धरतात का. धरत नाहीत. विचारून झालंय.

तर डिसेंबरात सात दिवसांचं शिबिर, साताऱ्याकडचं एक गाव, मुक्काम झेडपीच्या शाळेत. आमच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. पहाटे साडेपाचला थंडीत प्रभातफेरीला उठवलं तेव्हा ते खरंच असतं हे कळलं. घोषणा हागणदारीमुक्तीच्या आणि सगळ्यात मोठा आवाज माझा. संध्याकाळच्या पथनाट्यातही टमरेल घेऊन पळणारा गणपत मीच आणि त्याला पकडणारं गुड मॉर्निंग पथक म्हणजे बाकीची पोरं. गाव हसून हसून लोळलं. एका रात्रीत फेमस.

तिसऱ्या दिवशी पोरांना वनराई बंधाऱ्याच्या कामाला लावलं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर रचायच्या. मला मात्र अक्षर चांगलं म्हणून शौचालयाचा सर्व्हे. सावलीत बसून फॉर्म भरायचे, मी खूश! फक्त सरांनी एक बजावलं होतं, कुणाच्या घरचा चहा नाकारायचा नाही, लोकांना वाईट वाटतं.

प्रत्येक घरात चहा. नको म्हटलं की "आमच्या हातचा चालत नाही व्हय?" दहाव्या घरापर्यंत मी हसत होतो, बाराव्यात फॉर्मवरचं अक्षर वाकडं यायला लागलं, तेराव्यात "शौचालय" हा शब्द नुसता वाचला तरी पोटात कळ. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेतात जावं तर बांधाबांधावर माणसं, आणि लांबून एक पोरगं ओरडलं, "ए गणपत, कुठं चाललाय रं?"

चौदाव्या घरात आजी एकट्याच होत्या. शौचालय आहे? "हाय की." वापरात आहे? "व्हय, रोज." मी टिक केली, पेन खाली ठेवला आणि म्हटलं, आजी, मला जरा जाऊ द्याल का?

आजी गप्प झाल्या. मग उठल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली, सुनेनं जावेला, जावेनं शेजारच्या दोघींना. दार उघडलं तर आत खालपासून वरपर्यंत गोवऱ्या, वर सरपण आणि सगळ्यात वर अंड्यावर बसलेली कोंबडी. पाच बायका रांगेत उभं राहून गोवऱ्या हातोहात बाहेर काढतायत आणि मी अंगणात पायावर पाय दाबून उभा, मदत करावी तर वाकता येत नाही. इतकं शिस्तशीर श्रमदान आमच्या बंधाऱ्यावरसुद्धा झालं नसेल. कोंबडी शेवटपर्यंत हटेना, आजींनी तिला पदरात घेतली.

बाहेर आलो तेव्हा हात धुवायला तांब्या तयार होता आणि शेजारी परत चहा. आजींनी माझा फॉर्म पुढं सरकवला.

"आता लिव्ह खुशाल, वापरात हाय."