निक्सनना ‘एकट्याने पाडणारे’ जज सिरिका: फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

1972 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घरफोडी झाली, आणि ते प्रकरण दडपण्याच्या भानगडीत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची खुर्ची गेली. या वॉटरगेटचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास पुढे ढकलली जाते. सारांश असा: ‘जॉन सिरिका नावाच्या, विरोधी पक्षाच्या एका साध्या न्यायाधीशाने नोकरी पणाला लावली, घरफोड्यांना 40-40 वर्षं आत टाकलं, एकट्याने राष्ट्राध्यक्षांकडून टेप काढून घेतल्या आणि निक्सनना शिक्षा ठोठावली.’ गोष्ट झकास आहे, पण वाक्यागणिक घसरते.

विरोधी पक्षाचे? अजिबात नाही. सिरिका पक्के रिपब्लिकन, म्हणजे निक्सनच्याच पक्षाचे. 1904 साली कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावी एका स्थलांतरित इटालियन न्हाव्याच्या घरी जन्मले, 1926 साली जॉर्जटाउनमधून वकील झाले, तरुणपणी मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरले. हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी त्यांचा जिवलग दोस्त. वकिली करता करता ते रिपब्लिकन उमेदवारांसाठी प्रचारही करत. 1957 मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात नेमलं. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कोण होतं? रिचर्ड निक्सन.

नोकरी पणाला लावली, हेही तसंच. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, महाभियोग चालवून दोषी ठरवल्याशिवाय त्याला कुणी हलवू शकत नाही, आणि पदावर असेपर्यंत पगारही कापता येत नाही. राष्ट्राध्यक्ष कितीही भडकले तरी त्यांच्या हातात काही नव्हतं. शिवाय ही केस सिरिकांच्या गळ्यात पडलेली नव्हती. मुख्य न्यायाधीश या नात्याने त्यांनी ती स्वतःच्याच कोर्टात लावून घेतली होती.

आता 40 वर्षं. खरी गंमत इथे आहे, आणि थोडी अस्वस्थ करणारी आहे. जानेवारी 1973 मध्ये घरफोडीच्या सात आरोपींपैकी पाच जणांनी खटल्याच्या सुरुवातीलाच गुन्हा कबूल करून टाकला. कुणाच्या सांगण्यावरून घुसलात, पैसे कुठून आले, हे मात्र कुणी सांगेना. त्यांच्यातला बर्नार्ड बार्कर म्हणाला, पैसे टपालाने आले, कोऱ्या पाकिटातून. सिरिका म्हणाले, ‘माफ करा, माझा तुमच्यावर विश्वास नाही.’ सरकारी वकील साक्षीदारांना पुरेसं खोदत नाहीत असं वाटलं तेव्हा ते स्वतःच प्रश्न विचारायला लागले. न्यायाधीशाने असं करावं का, यावर तेव्हाही कायदेवाल्यांत जुंपली होती.

मग 23 मार्च उजाडला. आधी सिरिकांनी उरलेल्या दोघांपैकी, खटल्यात दोषी ठरलेल्या जेम्स मकॉर्डचं पत्र भर कोर्टात वाचून दाखवलं: गप्प बसण्यासाठी आरोपींवर राजकीय दबाव होता, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या, आणखी माणसं गुंतलेली आहेत. त्यानंतर गुन्हा कबूल केलेल्या पाचांपैकी बार्करसह चौघांना 40 वर्षांपर्यंत आणि पाचव्या हॉवर्ड हंटला 35 वर्षांपर्यंत शिक्षा सुनावली. पण या शिक्षा तात्पुरत्या होत्या. तपासाला मदत केलीत तर अंतिम शिक्षा ठरवताना ते लक्षात घेईन, असं त्यांनी उघड सांगितलं. नोव्हेंबरमध्ये अंतिम आकडा लागला तेव्हा हंटच्या वाट्याला अडीच ते आठ वर्षं आली. म्हणजे ते ‘40’ तोंड उघडण्यासाठी आवळलेला फास होता. ‘मॅक्झिमम जॉन’ (जास्तीत जास्त शिक्षा देणारा जॉन) हे टोपणनाव उगाच पडलं नव्हतं. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्याकडच्या सत्र न्यायालयात हाच प्रकार चालेल, याबद्दल मला दाट शंका आहे. परिणाम चांगला झाला म्हणून ती पद्धत धुतल्या तांदळासारखी होत नाही.

‘एकट्याने टेप काढून घेतल्या’ हे तर सगळ्यात ठिसूळ. मुळात निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या गुप्त टेप आहेत हेच 16 जुलै 1973 ला सिनेटच्या समितीपुढे निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांच्या साक्षीतून बाहेर आलं. त्या मागितल्या वॉटरगेटच्या तपासासाठी नेमलेले विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी. 29 ऑगस्टला सिरिकांनी हुकूम दिला तोही टेप आधी मला एकट्याला ऐकू द्या, इतकाच. 12 ऑक्टोबरला अपील न्यायालयाने हुकमावर शिक्कामोर्तब केलं. 20 तारखेला निक्सननी कॉक्सनाच हाकललं. देशभर असा गदारोळ उठला की तीन दिवसांत राष्ट्राध्यक्षांचे वकील सिरिकांसमोर येऊन टेप देतो म्हणाले. पुढच्या वर्षी आणखी 64 टेपांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 24 जुलै 1974 ला आठ विरुद्ध शून्य असा निकाल लागला, आणि त्या आठांतले तिघे निक्सननीच नेमलेले होते. सिरिकांचा वाटा मोठा, वादच नाही. पण वरच्या कोर्टांनी पाठ फिरवली असती तर त्यांचा हुकूम कागदावरच राहिला असता.

उरली निक्सनची शिक्षा. ती झालीच नाही. ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांना प्रकरण दडपण्याच्या कटात सामील मानलं, पण आरोपी केलं नाही. 9 ऑगस्ट 1974 ला राजीनामा, 8 सप्टेंबरला नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडून पूर्ण माफी. सिरिकांसमोर दोषी ठरले ते मिचेल, हाल्डेमन, अर्लिकमन असे त्यांचे जवळचे लोक. त्या खटल्यात अर्लिकमन यांनी निक्सनना साक्षीला बोलवा म्हणून समन्स काढायला लावलं होतं. निक्सन तेव्हा पायाच्या शिरेतल्या गाठींनी आजारी. सिरिकांनी तीन डॉक्टर कॅलिफोर्नियाला धाडले. प्रकृती साक्षीयोग्य नाही असा त्यांनी अहवाल दिला, आणि खटला निक्सनच्या साक्षीशिवायच पुरा झाला.