उंच गेला की सॅटेलाइट सुसाट पळतो? उलट आहे राव

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून सॅटेलाइट जितका उंच तितका फास्ट, जड असला की स्पीड जास्त लागतो, आणि पुढच्या यानाला गाठायचं तर इंजिन चालू करून सुटायचं. चारही गोष्टी चुकीच्या.

१. गुरुत्वाकर्षण नाही? स्पेस स्टेशन साधारण ४०० किमीवर आहे आणि तिथे जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के ओढ असते. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं ना, ६,३७१ किमीच्या जागी ६,७७१ किमी, एवढाच काय तो फरक. स्टेशन खरं तर सतत पडतंय, सेकंदाला साधारण ४.३ मीटर, पण तेवढ्यात ते साडेसात किमीपेक्षा जास्त पुढे गेलेलं असतं आणि खालची जमीनही तेवढीच वळलेली असते. आतली माणसं स्टेशनसोबतच पडतात म्हणून तरंगताना दिसतात.

२. उंच तितका फास्ट? स्टेशन ताशी २७,६०० किमी, ३५,७८६ किमीवरचे टीव्हीचे सॅटेलाइट ताशी ११,००० च्या आसपास आणि आपला चंद्र जेमतेम ३,७००. ओढ जास्त तर जमिनीवर न आदळण्यासाठी वेगही जास्त लागतो, लांब गेलं की आरामात चालतं. मग उंच जायला इंधन जास्त का लागतं असं कुणीतरी विचारणारच, तर ते वर चढण्यात खर्च होतं, वर पोचल्यावर वेग कमीच असतो.

३. वजनाचा काही संबंध नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पेसवॉक करताना टूलबॅग हातातून सुटली, चारशे टनांच्या स्टेशनसोबत तीही फिरत राहिली, उलट विरळ हवेच्या घर्षणाने जरा खाली आली आणि काही मिनिटं पुढेच पळायला लागली!

४. हा मुद्दा भल्याभल्यांना चकवतो. जून १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी ४ यानातल्या जेम्स मॅकडिव्हिट या अंतराळवीराने आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायला सरळ त्याच्या दिशेने जोर लावला, पण जोर लावला की कक्षा वर जाते आणि वर गेलं की मागे पडायला होतं, शेवटी इंधन वाया गेलं आणि नाद सोडावा लागला. पुढच्याला गाठायचं तर त्याच्यापेक्षा खालच्या कक्षेत राहायचं, तिथे वेग आपोआप जास्त, अंतर कमी झालं की मग वर यायचं. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ ने खालूनच येऊन जेमिनी ७ ला गाठलं, दोघांत अंतर उरलं फूटभर.