लाल शाईतला एस

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘द बोअरवेल पंप इज वन ऑफ द पंप्स दॅट नीड रिपेअर.’ संध्याकाळपर्यंत ‘नीड’च्या शेपटाला लाल शाईत एक भलामोठा एस चिकटला होता आणि समासात ‘ग्रामर!!’ असा शेरा. दोन उद्गारचिन्हं. एकाने भागलं नसतं का?

शेरा मारणारे काका तिथेच, बोर्डाखाली, पेन खिशाला लावून उभे होते.

“काका, हा एस तुम्ही लावलात?”

“लावावाच लागला. वन ऑफ द आलं की नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. आमच्या खात्याच्या परीक्षेत हमखास यायचं.”

“बरोबर आहे. म्हणून तर पंपाला ‘इज’ लावलंय. पण ‘नीड’ हे ‘दॅट’च्या पुढचं क्रियापद, आणि तो ‘दॅट’ ‘पंप्स’बद्दल बोलतोय. दुरुस्तीला किती पंप आहेत आपले?”

“तीन.”

“मग दुरुस्ती तिघांना हवी. हा त्यांतला एक. तिघांना हवी म्हणून नीड.”

“पण नोटीस कुठल्या पंपाची?”

“बोअरवेलच्या.”

“बोअरवेलचे पंप किती?”

“एक.”

“झालं तर मग! एकाला एस.”

“आणि बाकीचे दोन?”

“त्यांची वेगळी नोटीस काढा.”

यावर लिफ्टची वाट पाहणारे दोघेजण माना डोलावून गेले. काकांच्या बाजूने.

आता खरं सांगायचं तर इथे ‘नीड्स’सुद्धा सर्रास आढळतं, चांगल्या चांगल्या इंग्रजी लेखकांच्या लिखाणात आढळतं. बोलताना कोणी वापरलं तर मी ब्र काढणार नाही. पण दुसऱ्याचं शुद्ध वाक्य खोडायचं आणि वर ‘ग्रामर’ म्हणून दोनदा ओरडायचं, हे कुठल्या व्याकरणात बसतं?

एवढ्यावर काका थांबले नाहीत. खालच्या ओळीत ‘रुपीज ५,००० इज ड्यू’ होतं. “अहो, पाच रुपये नव्हेत, पाच हजार! आणि त्याला इज?” रक्कम ठोक धरली की ती एकच वस्तू, म्हणून इज. दहा किलोमीटर अंतर, दोन तासांचा वेळ, सगळ्यांचं तेच. टेबलावर पाच नोटा सुट्या पडल्या असतील तर मात्र त्या आर. हे मी सांगितलं. काकांनी खिशातून खरोखरच नोटा काढल्या आणि माझ्यासमोर मोजायला घेतल्या.

मुळात इंग्रजीने आपल्याला फार छळलेलंच नाही. वर्तमानकाळात कर्त्यासाठी एक एस, तोही फक्त तृतीयपुरुषी एकवचनाला. ढोबळमानाने नाम आणि क्रियापद या दोघांत मिळून एकच छत्री: बॉईज रन म्हटलं की ती नामाकडे, बॉय रन्स म्हटलं की क्रियापदाकडे. ‘डझ’ आलं की त्याने ती आधीच पळवलेली असते, म्हणून ‘डझ नॉट वर्क्स’ चूक. आणि हे कोणाला जड जातं? ज्यांना ‘रामाने पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं’ हे न शिकवता येतं त्यांना! आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचं ऐकतं, लिंग बघतं, वचन बघतं, भावे प्रयोगात तर कोणाचंच ऐकत नाही; त्यात आपण कधी अडखळत नाही. अडखळतो कुठे, तर एका एसला.

कारण शाळेत नियम पाठ करून घेतात, कर्ता कोण हे शोधायला लावत नाहीत. ‘द क्वालिटी ऑफ द पाइप्स’ यात पाइप्स क्रियापदाला चिकटून बसलेत म्हणून ‘आर’ लिहून मोकळे. ‘ऑफ’पासूनचा भाग बोटाने झाका, उरते ती क्वालिटी, म्हणून इज. ‘चेअरमन अलाँग विथ द मेंबर्स’ आले तरी व्याकरणाच्या हिशेबात एकटा चेअरमनच येतो. ‘नायदर द चेअरमन नॉर द मेंबर्स’मध्ये मात्र क्रियापद शेजाऱ्याचं ऐकतं, म्हणून अनेकवचनी मंडळी शेवटी बसवावीत, वाक्य कानाला खटकत नाही. ‘द नंबर ऑफ कंप्लेंट्स इज’, पण ‘अ नंबर ऑफ कंप्लेंट्स आर’. पोलीस एक आला काय, दहा आले काय, ‘द पोलीस’ नेहमी आर. न्यूज शेवटी एस मिरवत असली तरी इज. रिकाम्या जागा भरून हे येत नाही. तरी वर्षानुवर्षं आपण जागाच भरतोय, आणि त्या भरलेले लोक मोठे होऊन लाल पेनं विकत घेतात.

ब्रिटिश समालोचक ‘इंडिया आर १२० फॉर ३’ म्हणतो, कारण त्याला अकरा माणसं दिसतात. अमेरिकन माणूस टीमला इज लावतो. दोन्ही बरोबर; फक्त एकाच परिच्छेदात दोन्हींची खिचडी करू नये. हे काकांना सांगायचं धाडस मला नाही.

यापुढच्या नोटिसा मी विल, मस्ट, शुड घालूनच लिहिणार. यांच्यापुढे एस लावायला जागाच नसते. नाहीतर सरळ भूतकाळ. तिथे भांडायला फक्त वॉज आणि वेअर उरतात. तेवढं ‘इफ आय वेअर’ काकांच्या नजरेला पडू नये.