मुक्काम वाशिम, पोस्ट अकोला

महाराष्ट्रातील खेड्याचा पत्ता ‘मु., पो., ता., जि.’ अशा चार खांबांवर उभा असतो. आमच्या गावाचे दुर्दैव असे की, त्यातला दुसरा खांब परजिल्ह्यात रोवलेला आहे. आमची घरपट्टी, सातबारा आणि मतदान हे सारे वाशिम जिल्ह्यात; टपाल मात्र नाल्यापलीकडच्या, म्हणजे अकोला जिल्ह्यातील डाकघरातून येते.

यात डाक खात्याचा काडीचाही दोष नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. त्या सहा अंकांतले पहिले तीन टपालाच्या वर्गवारीसाठी आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघरासाठी असतात. तुमचा जिल्हाधिकारी कोण, हे सांगण्याचे काम त्यांच्याकडे कधीच नव्हते. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला, सीमारेषा आमच्या नाल्यातून गेली आणि पोस्टमनची सायकल पूर्वीसारखीच ती रोज ओलांडत राहिली. (१९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, तरी ४४१ हे अंक दोघांच्याही पिनकोडात नांदतच आहेत, भाऊ वेगळे झाले तरी विहीर सामाईक राहावी, तसे.)

खरा छळ संगणकाने मांडला. अर्जात पिनकोड टाकताच तो आपण होऊन ‘अकोला’ लिहितो आणि तो रकाना असा काही गोठवतो की, ब्रह्मदेवालाही तो बदलता येऊ नये. अर्ज भरून देणाऱ्या मुलाला मी माझा रहिवासी दाखला दाखवला. त्याने आधी दाखल्याकडे, मग पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “काकाजी, कम्प्युटर काहून खोटं बोलन?” वाशिमचा पिनकोड टाकावा, तर पत्र चाळीसएक किलोमीटरवरच्या शहरात जाऊन आमची चौकशी करत बसणार. शेवटी अर्ज तसाच पाठवला आणि सोबत सविस्तर खुलासा जोडला, जो कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही.

पावसाळ्याच्या तोंडी त्या कार्यालयाचे उत्तर आले: ‘नमूद पत्त्यावरील गाव सदर जिल्ह्यात आढळून येत नसल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ पोस्टमनने ते, त्याच पत्त्यावर, माझ्या हातात आणून दिले आणि पोचपावतीवर सही घेतली.