तीन डोस होऊनही पार्व्हो का झाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय, ‘तिन्ही डोस वेळेवर दिले, तरी साडेतीन महिन्यांचं पिल्लू पार्व्होनं गेलं. लसीकरण हा नुसता धंदा आहे, दरवर्षी सगळं टोचायचं कशाला?’ पिल्लू गेल्याचं फार वाईट वाटलं, म्हणून मोघम उत्तर देत नाही. (पार्व्हो म्हणजे कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग.)

तुमच्या तारखांनुसार डोस ६, ९ आणि ११ आठवड्यांना झाले. बहुधा घोळ इथेच झाला. आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती रोगाला अडवतात, तशी लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. पुढे ती उतरत जातात आणि मधे काही दिवस असे येतात की रोग रोखायला ती अपुरी पडतात, पण लस वाया घालवायला पुरतात. एकाच वेतातल्या भावंडांतही हे दिवस वेगवेगळे असतात. कुणाचे आठव्या आठवड्यात सरतात, कुणाचे पार पंधराव्या-सोळाव्यात. म्हणून डोस किती झाले हे मोजून भागत नाही. शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडला का, ते पाहायचं. तुमचे तिन्ही डोस फुकट गेलेले असू शकतात. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. यात तुमचा दोष नाही.

दुसरी शक्यता साठवणुकीची. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. एका बाटलीत पांढरी कोरडी वडी असते, दुसरीत द्रव. दोन्ही तुमच्यासमोर मिसळून लगेच टोचून घ्या. आधीच भरून आणलेली सिरिंज नको. याच एकत्रित लसीतला डिस्टेंपरचा (हाही कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) घटक उष्णतेला फार नाजूक असतो. रेबीजच्या लसीचं उलटं, बर्फाला चिकटून गोठली की ती बाद. बॅच नंबरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. आणि कुत्रं लहान चणीचं म्हणून अर्धा डोस कधीच देऊ नका.

‘दरवर्षी सगळं कशाला’ हे मात्र तुमचं बरोबर आहे. वर्षाचा बूस्टर (उजळणीचा डोस) झाला की पार्व्हो-डिस्टेंपरची लस तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाची) दरवर्षी लागते, कारण तिचा असर लवकर ओसरतो. कोकण-मुंबईकडे ती पावसाआधी, मेमध्येच उरकावी. रेबीज लेबलवरच्या मुदतीप्रमाणे, चालढकल न करता.

नवं पिल्लू आणायची घाई करू नका. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन् महिने तग धरतो, फिनाईलवर विसंबू नका. फरशी साबणानं घासा, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात घालून १० मिनिटं ओली ठेवा. अंगणातली माती अशी धुता येत नाही, तेव्हा १६ आठवड्यांचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला तिथे सोडू नका.