‘ओएलईडीची उगाच भीती घालता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दिवाणखान्यासाठी लाख-दीड लाखाचा टीव्ही कसा निवडावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि मुद्देसूदही. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओएलईडी टीव्हीवर स्थिर चित्राचे कायमचे डाग पडतात ही भीती आता जुनी झाली, तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमधला टीव्ही तीन वर्षं ठणठणीत आहे. दीड लाख मोजणाऱ्याला मिनी एलईडी सुचवणं म्हणजे जुनाच एलसीडी नव्या नावाने गळ्यात मारणं. व्होल्टेज प्रोटेक्टरचा सल्ला दूरदर्शनच्या जमान्यातला. मॉडेलचं नाव दिलं नाही, म्हणजे ठाम बोलायची तयारी नाही. आणि शेवटी प्रश्न: साताऱ्याला आई-बाबांसाठी तोच ६५ इंची ओएलईडी मागवतोय, त्यात चुकतंय काय?

टीव्हीत काहीच चुकत नाही. पण बाबांकडे सकाळ-संध्याकाळ बातम्या चालू असतात, हे तुम्हीच त्याच प्रतिक्रियेत लिहिलंय, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. सगळे सारखेच झिजले तर कुणाला पत्ताही लागत नाही. भानगड होते ती कमी-जास्त झिजण्याने. मराठी बातम्यांचं कुठलंही चॅनल डोळ्यांसमोर आणा: खाली लाल पट्टी, तिच्या डोक्यावर ‘ब्रेकिंग न्यूज’, कोपऱ्यात लोगो, शेजारी घड्याळ. सगळं भडक आणि सगळं तासन्‌तास एकाच जागी. रोज पाच तास धरले तर वर्षाला अठराशेच्या वर तास होतात. तुमच्या घरी संध्याकाळी सिनेमा, मालिका, मॅच असं बदलतं चित्र असतं, त्यामुळे तीन वर्षांत काही झालं नाही यात नवल नाही. ते त्या वापराचं प्रमाणपत्र आहे, बाबांच्या वापराचं नव्हे.

‘कंपन्यांनी यावर उपाय केलेत’ असं तुम्ही लिहिलंय. केलेत, आणि चांगले केलेत. चित्र नकळत थोडं सरकवतात, स्थिर लोगो ओळखून तेवढ्या भागाची चमक उतरवतात. पण सर्वात कामाचा उपाय टीव्ही बंद असताना चालतो. उदाहरणार्थ एलजीच्या ओएलईडीत एकूण चार तासांचा वापर झाला की रिमोटने बंद केल्यावर टीव्ही पिक्सेलची झीज मोजतो आणि त्यानुसार भरपाई करतो. इतरांकडेही याच धर्तीची सोय असते. हे काम साधारण दहा मिनिटांत उरकतं आणि शेवटी आतून रिलेचा बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो. त्यासाठी टीव्हीला वीज लागते.

आता आपल्याकडच्या किती घरांत झोपताना भिंतीवरचं बटण खटकन बंद होतं ते आठवा. रिमोट दाबला, लगेच बटण बंद, की भरपाई राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डाग लवकर दिसायला लागण्याचं हे कारण शोरूममध्ये कुणी सांगत नाही, कारण तिथे बटण बंद करणारं कुणी नसतं. वीज वाचवायची म्हणाल, तर स्टँडबायमध्ये टीव्ही साधारण अर्धा वॉट खातो, म्हणजे महिन्याला अर्धं युनिटसुद्धा नाही. बाबांची ही सवय सुटेल अशी खात्री असेल तर ओएलईडीचा विचार जरूर करा. पण वॉरंटीच्या अटी आधी वाचा: बहुतेक ठिकाणी अशा डागांना वॉरंटीतून वगळलेलं असतं.

‘जुनाच एलसीडी’ यावर. पडदा एलसीडीचाच आहे, मान्य. बदललाय तो मागचा उजेड. साध्या एज-लिट टीव्हीत दिवे कडेला असतात आणि काळोखातला प्रसंग राखाडी दिसतो. मिनी एलईडीत पडद्यामागे हजारो बारीक दिवे शेकडो विभागांत वाटलेले असतात आणि चित्र जिथे काळं असेल तिथला विभाग मंद किंवा बंद होतो. हे तंत्र इतकं पुढे गेलं की २०२४ मध्ये सोनीने ब्राव्हिया ९ हा मिनी एलईडी आपल्या ब्राव्हिया ८ या ओएलईडीच्या वरच्या पायरीवर ठेवला. दोष नाही असं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धूसर वलय दिसतं, कारण विभाग अक्षरापेक्षा बराच मोठा असतो. दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्याला ते खुपणारच, आणि त्याने ओएलईडीच घ्यावा.

फसगत होते ती वेगळ्याच जागी. ‘क्यूएलईडी’ हे नाव रंगाच्या थराबद्दल सांगतं, मागच्या दिव्यांबद्दल नाही. कडेला दिवे असलेला क्यूएलईडी आणि खरा मिनी एलईडी एकाच रांगेत मांडलेले असतात, किमतीतला फरक ‘ऑफर’ म्हणून सांगितला जातो. माहितीपत्रकात ‘फुल ॲरे लोकल डिमिंग’ (पडद्यामागचे, विभागवार मंद होणारे दिवे) लिहिलंय का ते बघा. दुकानात यूट्यूबवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ठिपका फिरण्याचा व्हिडिओ लावा: कडेच्या दिव्यांचा असेल तर ठिपक्याबरोबर उजेडाचा अख्खा पट्टा सरकतो किंवा पूर्ण पडदाच राखाडी राहतो. विक्रेता जरा तोंड वाकडं करेल, करू दे.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या दिवाणखान्यात टीव्ही लागतो तो ट्यूबलाइट चालू ठेवून, दिवसा खिडक्या उघड्या ठेवून. ओएलईडी चित्राचा छोटा भाग हजार निट्सच्या (चमक मोजायचं एकक) वर उजळवू शकतो, पण पडदा बहुतांश उजळ झाला की वीज आणि उष्णता आवरायला चमक खाली ओढतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर बहुतेक ओएलईडी दोन-तीनशे निट्सच्या आसपास येतात, चांगला मिनी एलईडी त्याच्या दुपटीच्याही वर राहतो. दिवसाची क्रिकेट मॅच म्हणजे उन्हातलं हिरवं मैदान पडदाभर. फरक तिथे दिसतो. क्यूडी-ओएलईडीची (क्वांटम डॉटचा थर असलेल्या ओएलईडीची) आणखी एक गंमत: त्यात बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझरचा थर नसतो, त्यामुळे खोलीत उजेड असेल तर काळा रंग जांभळट-राखाडी वाटतो. म्हणजे ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तोच ट्यूबलाइटखाली हरवतो.

ओएलईडीची खरी सरशी कोनात आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा यायला हवा होता. चांगल्या काळ्या रंगासाठी मिनी एलईडीत सहसा एलसीडीच्या दोन मुख्य जातींपैकी व्हीए पॅनल वापरतात. समोर बसलात तर उत्तम, पण बाजूच्या खुर्चीवरून किंवा जेवणाच्या टेबलावरून बघितलं तर रंग फिके पडतात. दुसऱ्या, आयपीएस जातीच्या पॅनलला कोन चांगला, पण त्याचा काळा मुळातच कच्चा. घरात एल आकाराचा सोफा असेल आणि निम्मं घर तिरकं बसत असेल, तर ओएलईडी किंवा रुंद कोनाचा थर दिलेला महागातला व्हीए, एवढेच पर्याय उरतात.

आकाराबद्दल फार वाद नको. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला, तर टीव्ही आणि ब्रॅकेटची जाडी व सोफ्याची पाठ वजा जाता डोळ्यापासून पडद्यापर्यंत साधारण आठ फूट उरतात. त्याला ६५ इंच ठीक. मात्र या अंतरावरून निरोगी डोळ्याला पाऊण मिलिमीटरच्या आतले ठिपके वेगळे दिसत नाहीत. ६५ इंचावर फुल एचडीचा पिक्सेल असतो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा आणि फोर-के चा त्याच्या निम्मा. म्हणजे चांगलं एचडी आणि फोर-के यांतला बारकाव्याचा फरक तिथे जवळपास संपतो; दिसतो तो उजळपणा, काळा रंग आणि हालचाल. उलट साधं एसडी (एचडीहून कमी बारकाव्याचं) चॅनल ५७६ आडव्या ओळींचं. ते ताणून ६५ इंचावर भरलं की एकेक ओळ जवळपास दीड मिलिमीटरची होते आणि निवेदिकेचा चेहरा मेणाचा दिसतो. बातम्यांची बरीच मराठी चॅनल्स अजून एसडीतच येतात, त्यामुळे शोरूममधला फोर-के डेमो बघून निर्णय घेऊ नका. दुकानदाराला सेट-टॉप बॉक्स जोडून एसडी चॅनल लावायला सांगा आणि चित्राचा मोड ‘व्हिविड’वरून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणा. निम्मे टीव्ही तिथेच गळतात.

व्होल्टेजबद्दल मात्र तुमच्याशी अजिबात सहमत नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून कमी दाबाची चिंता नाही आणि त्यासाठी स्टॅबिलायझर घेणं वायफळ, इथपर्यंत बरोबर. भीती जास्त दाबाची आहे. थ्री फेज पुरवठ्यात खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला, की कमी भार असलेल्या घरात २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट घुसतात. टीव्हीचा पॉवर बोर्ड हे फार वेळ सोसत नाही. यावर लागतं ते दाब वाढताच तोडणारं व्होल्टेज प्रोटेक्टर, आणि ते वितरण पेटीतच बसवलं तर फ्रीजही वाचतो. नुसती सर्ज पट्टी इथे पुरत नाही: तिच्यातला घटक क्षणभराचा झटका जिरवण्यासाठी असतो, सतत वाढलेल्या दाबात तो स्वतःच जळतो.

वीज पडते तेव्हा वेगळाच रस्ता असतो. गच्चीवरच्या डिशची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआय केबलने टीव्हीत. प्लग काढलेला असूनही एचडीएमआय पोर्ट किंवा अख्खा मेन बोर्ड गेल्याच्या तक्रारी वळवाच्या पावसात येतात त्या यामुळे. कडाडायला लागलं की प्लगबरोबर डिशची वायरही बॉक्समधून सोडवा. टीव्ही ओएलईडी असेल तर आभाळ भरून येतानाच रिमोटने बंद करा, म्हणजे ते दहा मिनिटांचं काम होऊन मग प्लग निघेल. आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

मॉडेलचं नाव मुद्दाम दिलं नव्हतं. दरवर्षी नाव बदलतं, आणि एकाच नावाखाली सगळं सारखं असतंच असं नाही. सॅमसंगच्या एस९० मालिकेत आकार आणि देशानुसार कधी क्यूडी-ओएलईडी पॅनल निघतं, कधी एलजी डिस्प्ले कंपनीचं वेगळ्या जातीचं. मिनी एलईडीतही एखाद्या आकाराला व्हीए आणि दुसऱ्याला आयपीएस जातीचं पॅनल लागलेलं आढळतं. ५५ इंचाचं परीक्षण वाचून ६५ मागवणं त्यामुळे धोक्याचं. बाकी किरकोळ: सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन (चित्राची चमक आणि रंग खुलवणारं तंत्र) नसतं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स नसेल तर चारही पोर्ट एचडीएमआय २.१ असण्याचा हट्ट व्यर्थ आहे. ओटीटीवरचं डॉल्बी ॲटमॉस (भोवताली घुमणारा आवाज) साध्या एआरसीवरूनही (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी एचडीएमआयची सोय) साउंडबारपर्यंत जातं, तिची पुढची आवृत्ती ईएआरसी लागते ती ब्लू-रेसारख्या दर्जा न घटवलेल्या आवाजाला. किंमत तोलताना एक बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी दीड लाखाला मिळणारा टीव्ही त्यामुळेच साधारण पावणेबारा हजारांनी उतरतो. दुकानदार त्याआधीची किंमत दाखवून ‘खास सूट’ म्हणत असेल तर तेवढे आधी वजा करा.

तर साताऱ्याला ६५ इंची मिनी एलईडी, व्हीए पॅनल, फुल ॲरे, आणि पॅनल मुळातच १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं). जाहिरातीतल्या ‘मोशन रेट’वर जाऊ नका, तो आकडा पॅनलचा नसतो. भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य जमिनीपासून शंभर-एकशेदहा सेंटिमीटरवर ठेवा. बसवणारे सवयीने वर चढवतात आणि मग मान अवघडते. भिंत सिपोरेक्स (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असेल तर साधे प्लास्टिकचे रावळप्लग चालणार नाहीत, त्या ब्लॉकसाठी मिळणारे अँकर आधीच आणून ठेवा. पेटी उघडण्यापासून चित्र दिसेपर्यंत व्हिडिओ काढायला सांगा. पडद्याला तडा असेल तर तो वाहतुकीतला की बसवतानाचा, हा वाद त्याशिवाय मिटत नाही.

आणि तुम्ही स्वतः गेलात तर तीन कामं करूनच या. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत रिझोल्युशन ५७६ वर अडकलेलं असेल तर १०८० करा. मालिकांच्या चॅनल्सचा एचडी पॅक घ्या: स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी तिन्ही एचडीत आहेत. आणि टीव्ही सुरू झाल्यावर ॲपच्या चौकोनांऐवजी थेट सेट-टॉप बॉक्स दिसेल असं सेटिंग करा. नव्या टीव्हींच्या रिमोटवर सहसा आकड्यांची बटणं नसतात. बाबांच्या हातात जुना डिशचा रिमोटच राहू द्या.